एकाच टबाचं पाणी

खामगावच्या बाहेर, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडांमागं, एका बियाणे कंपनीची प्रयोगशाळा आहे. तिथं जनकाबाई हिवराळे तीस वर्षं नोकरीला होती. हुद्दा मदतनीस. म्हणजे सकाळी कुलूप उघडायचं, फरशी पुसायची, काचेची भांडी धुवायची, साहेबांना चहा द्यायचा, आणि मधल्या वेळात जिल्हाभरातून आलेल्या गव्हाच्या नमुन्यांत रोग आहे की नाही ते सांगायचं. यातलं शेवटचं काम हुद्द्यात बसत नव्हतं. पण ते तीच करते, हे तिथल्या भिंतीवरच्या पालीलाही ठाऊक होतं.

शाळा सातवीपर्यंत. सूक्ष्मदर्शकाशी तिची गाठ घालून दिली मंजुश्री मॅडमनी, त्यालाही आता अठरा वर्षं झाली. मॅडमना मोतीबिंदू झाला होता आणि निवृत्तीला तीन वर्षं होती. साहेबांच्या कानावर गेलं तर तेवढ्या वर्षांवर पाणी पडणार. म्हणून त्यांनी दार लोटून जनकाबाईला स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, ‘‘तू बघ आणि मला सांग काय दिसतं.’’ जनकाबाईनं पाहिलं आणि सांगितलं. पुढची तीन वर्षं मॅडमचे डोळे तिच्या कपाळाखाली होते. मॅडम गेल्या, तिचे डोळे तिथंच राहिले.

काम तसं चिवट. पन्नास ग्रॅम गहू फ्लास्कमध्ये घ्यायचा, पाणी आणि साबणाच्या द्रावणाचा थेंब टाकून हलवायचा. ते धुवण बोटाला जाणवणारही नाही अशा बारीक जाळीच्या दोन चाळण्यांमधून गाळायचं. खालचा गाळ यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसवायचा आणि त्याचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा. मग पट्टीचा कोपरान् कोपरा बघत बसायचं. शोधायचे असतात बुरशीचे बीजाणू. त्यातला सगळ्यात वाईट कर्नाल बंट या रोगाचा. दाण्याच्या पोटात काळी भुकटी होते आणि कुजक्या मासळीचा वास येतो. त्याचे बीजाणू गोल, काळपट तपकिरी. जनकाबाई त्यांना गोट्या म्हणायची. कंपनी बियाणं परदेशात पाठवायच्या खटपटीत होती, त्यामुळं अख्ख्या नमुन्यात एक गोटी दिसली तरी तो माल बाद, आणि ज्या वावरातून तो आला ते वावर पाच वर्षं कंपनीच्या यादीबाहेर.

मंजुश्री मॅडमच्या जागी एकामागून एक माणसं आली-गेली. शेवटी आल्या सुचिता मॅडम, मोताळ्याच्या. शिकलेल्या, हुशार, करारावर नेमलेल्या. पहिले सहा महिने त्यांनी जनकाबाईची परीक्षा पाहिली. गोटी असलेली पट्टी, नसलेली पट्टी, मुद्दाम मोहरीची धूळ टाकलेली पट्टी, सगळं तिच्यापुढं ठेवून झालं. बाई एकदाही चुकली नाही. मग ठरून गेलं की बघायचं जनकाबाईनं, खात्री करायची मॅडमनी, सही मॅडमची. वर्षभरात मधली खात्री गळून पडली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथं डोळस बाई दळत होती आणि पीठ सहीवाल्यांचं होतं, एवढाच काय तो फरक.

अहवालाच्या तळाशी ‘तपासणी करणार’ अशी एक ओळ होती. एकदा जनकाबाई हसत म्हणाली, ‘‘मॅडम, एखांद्या कागदावर माहं बी नाव टाका ना. तिथीसा मोप जागा हाये.’’ मॅडमही हसल्या. गोष्ट तिथंच संपली. पण जनकाबाईनं ती थट्टेत म्हटलेली नव्हती, हे तिला घरी गेल्यावर कळलं आणि स्वतःचाच राग आला.

यंदा एप्रिलात पाण्याची बोंब झाली. नळ कोरडे, बोअर आटलेली, टँकर आठवड्यातून एकदा. नियम असा की प्रत्येक नमुन्यानंतर चाळण्या ब्लीचमध्ये बुडवायच्या, म्हणजे चिकटून राहिलेल्या गोट्यांचा रंग उडतो आणि त्या नव्या म्हणून मोजल्या जात नाहीत. मग त्या वाहत्या पाण्याखाली धुवायच्या. एका चाळणीला बादलीभर पाणी. साहेबांनी टँकरचं पत्रक पाहिलं, दारात उभे राहून मॅडम आणि जनकाबाई दोघींच्या देखत सांगितलं, ‘‘हे ब्लीचचं नाटक काही दिवस बंद करा. टबात पाणी भरा, त्यात बुचकळा, दिवसाचं पाणी दिवसाला बदला.’’ मॅडम काहीतरी बोलणार होत्या, पण साहेब वळले होते.

आता इथं जनकाबाईचीही बाजू झाकून चालणार नाही. साहेबांनी पाणी रोज बदलायला सांगितलं होतं, ती दोन दोन दिवस ठेवायची. पाणी फेकवत नव्हतं तिला. लहानपणी तिची आई गावच्या विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन तासन् तास उभी राहायची, कुणी वरून ओतलं तर मिळायचं. ओतणाऱ्यांचे मूड असायचे. घागर भरली की आई ती अशी आणायची की वाटेत थेंब सांडू नये. त्या माउलीच्या लेकीनं टबभर पाणी, वर वर स्वच्छ दिसणारं, मोरीत ओतून द्यायचं? हात धजावत नव्हता. निळा प्लॅस्टिकचा टब होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पाणी ती दारातल्या कडुनिंबाला घालायची आणि मग तिला बरं वाटायचं.

त्याच दिवसांत कंपनीनं उत्तरेकडून मागवलेल्या बियाण्याचा एक नमुना आला. पट्टी लावली आणि जनकाबाई जागची उठलीच. गोट्याच गोट्या! ‘‘मॅडम, या पाहा, सारी जत्रा भरली इथीसा.’’ तो माल आल्या पावली परत गेला. चाळण्या टबात बुचकळून झाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात बुचकळलेल्या चाळण्यांवर नमुना क्रमांक एकशे सोळा लागला.

नमुन्यांवर नावं नसतात, आकडे असतात. एकशे सोळामध्ये जनकाबाईला एक गोटी दिसली. सरकवून सरकवून पाहिलं तर आणखी एक. ‘‘मॅडम, हाये,’’ ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडी ऐटही होती, कारण अशी एखाद-दुसरी गोटी सापडणं म्हणजे नजरेचं काम. मॅडमनी डोळा लावला, मान हलवली, सही केली. अहवाल गेला.

आठ दिवसांनी पुंजाजी आला.

पुंजाजी लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरचा. बारा वर्षं तो कंपनीसाठी गव्हाचं बियाणं पिकवत होता. गव्हाची पोती टेम्पोतून यायची, तेव्हा त्या पोत्यांवर एक वीस लिटरची पाण्याची कॅन बांधलेली असायची. ‘‘टँकरचं पानी पिऊन पिऊन जिभेची चव गेली असन तुमची. घ्या, माह्या विहिरीचं हाये,’’ म्हणत तो ती प्रयोगशाळेच्या पायरीवर ठेवायचा आणि पहिला पेला जनकाबाईच्या हातात द्यायचा. स्वतः ओतून, वाकून. तिला त्या पेल्याचं काय वाटायचं हे त्याला कधी कळलं नसेल, आणि तिनं सांगितलंही नाही.

त्या दिवशी टेम्पो नव्हता. एसटीनं आला होता, तरी कॅन खांद्यावर होतीच. ती पायरीवर ठेवली, आत येऊन एकशे सोळाचा अहवाल पुढं धरला आणि विचारलं, ‘‘माहा गहू कोनं पाह्यला?’’

‘‘मी,’’ सुचिता मॅडम म्हणाल्या. सही त्यांची होती.

‘‘मॅडम, बारा वर्षांत माह्या वावरात साधी काजळी नाई दिसली. मी एक एक ओंबी पायी हिंडून पाह्यतो. आन् हा कर्नाल कोठून आला? म्या तं कर्नाल गाव पाह्यलं बी नाई बाप्पा.’’ तो हसायचा प्रयत्न करत होता. ‘‘गावात सारे म्हनून राह्यले का पुंजाजीचं वावर रोगट हाये. कोनी घरच्या पेरनीले बी माहा गहू घ्याले तयार नाई. बाजूवाला म्हनते दोघायच्या मधल्या धुऱ्यावरून पानी सोडू नोको. मले फक्त सांगा, माहं काय चुकलं?’’

मॅडमनी त्याला समजावलं की बीजाणू वाऱ्यानं येतात, पाण्यानं येतात, सांगता येत नाही. तो ऐकत राहिला. जाताना सवयीनं पेला भरून त्यानं जनकाबाईपुढं धरला. तिनं तो घेतला आणि तसाच भरलेला खिडकीत ठेवून दिला. आपल्या भागात हा रोग निघत नाही, हे तिलाही माहीत होतं. अठरा वर्षांत लोणार तालुक्याच्या गव्हात तिनं एकही गोटी पाहिली नव्हती.

रविवारी दुपारी, सुट्टीच्या दिवशी, ती एकटीच कुलूप उघडून आत गेली. प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग कपाटात राखून ठेवलेला असतो. एकशे सोळाची पिशवी तिनं काढली. चाळण्या? साहेबांच्या खोलीत एक कोरा करकरीत संच होता, वर्षातून एकदा पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना दाखवायला ठेवलेला. त्याचं वेष्टण तिनं फोडलं. पाणी पुंजाजीच्या कॅनमधलं घेतलं. आधी नुसतं तेच पाणी गाळून, फिरवून पाहिलं. काही नाही. मग त्या पाण्यानं एकशे सोळाचा गहू धुतला. एकदा, दोनदा, तीनदा. पट्टीवर धूळ होती, गव्हाची लव होती, एक मेलेला किडा होता. गोटी नव्हती.

मग ती उठली. पाणी बदललं जायचं, पण टब कधी घासला नव्हता; तळाचा गाळ ढवळून त्यातलं वाटीभर पाणी ती घेऊन आली. त्यात गहू नाही, काही नाही. नुसतं पाणी फिरवलं, तळाचा थेंब घेतला आणि डोळा लावला.

चार गोट्या होत्या.

जनकाबाई स्टुलावरून उतरून फरशीवर बसली. पुंजाजीच्या वावराला रोग नव्हता. रोग तिच्या टबात होता, तिनं तो फेकला नव्हता, आणि वर ऐटीत ‘हाये’ म्हणाली होती. पदर तोंडात धरून ती रडली. स्वतःच्या हातांची तिला इतकी किळस कधी आली नव्हती.

सोमवारी तिनं सगळं मॅडमना सांगितलं आणि पट्ट्या दाखवल्या. मॅडमचा चेहरा उतरला. मोताळ्याची बोली त्यांच्या तोंडून एरवी निघत नसे, ती निघाली. ‘‘अवं बाई, हे काय होऊन बसलं!’’ त्यांनी प्रामाणिकपणे टिपण लिहिलं आणि साहेबांपुढं ठेवलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. ‘‘एकशे सोळा चुकीचा म्हटला, तर टब सुरू केल्यापासूनचे तीन आठवड्यांतले दोनशे नमुने पुन्हा तपासावे लागतील. पाणी कुठंय? हंगाम तोंडावर आलाय. आणि ही फेरतपासणी केली कुणी?’’

‘‘म्या केली,’’ जनकाबाई म्हणाली.

‘‘तुमचा हुद्दा काय? मदतनीस. मदतनीसानं केलेली तपासणी ग्राह्य धरता येत नाही.’’

‘‘साहेब, पयली बी म्याच केली व्हती.’’

साहेबांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम फायलीत पाहू लागल्या. त्यांचा करार जूनमध्ये संपणार होता. जनकाबाई म्हणाली, ‘‘मॅडम, टबाचं साहेबायनं सांगतलं तवा तुमी इथीसाच उभ्या व्हत्या ना? सांगा ना.’’ मॅडमनी फाइलचं पान उलटलं. जनकाबाईला त्यांचा राग आला आणि दुसऱ्याच क्षणी कीवही आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला.

पण मॅडमच्या टिपणाची प्रत नियमाप्रमाणं वर मुख्य कचेरीत गेली होती. वरून विचारणा झाली. आता कुणीतरी दोषी हवा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर इथली संन्याशीणही अगदी धुतल्या तांदळासारखी नव्हती. त्यामुळं साहेबांचं काम सोपं झालं. त्यांनी कागद तयार केला: कामात हलगर्जी केल्याबद्दल सेवेतून कमी करण्यात येत आहे, दोष मान्य असल्याची सही करावी.

जनकाबाईनं कागद हळूहळू वाचला. ‘‘हे हलगर्जी म्हंजे काय, ते नाई लिवलं याच्यात.’’

‘‘त्याची गरज नाही.’’

‘‘मले हाये. चाळन्या एकाच टबाच्या पान्यात धुतल्या, म्हनून नमुना एकशे सोळा, पुंजाजीचा, सुलतानपूर, याच्यात दुसऱ्या गव्हाचे बीजाणू आले, असं लिवा. मंग सही करतो. नाई तं नाई करत. मंग तुमी चौकशी बसवा, आन् मी सांगतो टबाचं कोनं सांगतलं ते.’’

साहेबांना हसू आवरेना. बाई आपल्या हातानं आपलाच फास वळत होती! चौकशी त्यांनाही नको होती. त्यांनी टंकलेखकाला बोलावून तिच्या तोंडचे शब्द घालून घेतले. जनकाबाईनं सही केली, वळणदार, शाळेतल्यासारखी. मॅडमनी जाता जाता कागदाची झेरॉक्स तिच्या पिशवीत सरकवली, मान वर न करता.

आणि अहवाल? तो तसाच राहिला. एका फायलीत पुंजाजीचं वावर रोगट आणि दुसऱ्या फायलीत जनकाबाई दोषी. दोन्ही एकाच कपाटात, वरच्या आणि खालच्या कप्प्यात. तशी एकमेकींशी बोलायची पद्धत फायलींत नसते.

दुसऱ्या दिवशी ती मेहकरला गाडी बदलून सुलतानपूरला गेली. ऊन चटके देत होतं. पुंजाजीचं घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. तो ओट्यावर सुतळी वळत बसला होता. तिला पाहून उठला. ‘‘अवं बाई, तुमी? या, या. गोजर, पानी आन वं.’’

‘‘पानी मंग,’’ जनकाबाई म्हणाली. ‘‘आंधी हे वाचा भाऊ.’’

तो उभ्यानं वाचू लागला. बोट ओळीखालून सरकत होतं. एका ठिकाणी थांबलं, मागं गेलं, पुन्हा पुढं आलं. त्याची बायको गोजरबाई तांब्या घेऊन दारात आली. त्यानं तिला हातानंच थांबवलं.

‘‘म्हंजे माहा गहू तुमी पाह्यला व्हता? मॅडमनं नाई?’’

‘‘हाव. म्याच.’’

‘‘आन् रोग तुमच्या टबात व्हता.’’

‘‘हाव भाऊ. माहं चुकलं.’’

पुंजाजी खाली बसला. मग म्हणाला, ‘‘परवा सारा गहू मेहकरच्या गिरनीत घातला. एक पायली नाई ठेवली. घरात रोग कायले ठेवाचा म्हनून. बारा वर्षं निवडून निवडून जमवलेलं बेनं व्हतं ते बाई. आता आटा झाला त्याचा.’’ त्याचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. ‘‘आन् मी तुमाले पानी आनून देत व्हतो.’’

कागद आला होता, वरातीमागून घोडं यावं तसा. ‘‘वावर तं मोकळं झालं ना भाऊ,’’ ती कशीबशी म्हणाली. ‘‘गावाले दाखवा हे. वावर चांगलं हाये तुमचं. शिक्का हाये त्याच्यावर.’’

तो कागद घेऊन घरात गेला. गोजरबाई तांब्या हातात धरून क्षणभर घोटाळली, आत गेलेल्या नवऱ्याकडं पाहिलं आणि तीही आत गेली. जनकाबाई ओट्याखाली उन्हात उभी राहिली. आईसारखीच, तिच्या मनात आलं, पण आईचा काही गुन्हा नव्हता. थोड्या वेळानं ती वळली आणि स्टँडवर जाऊन बसली.

गाडीला वेळ होता. समोर कृषी केंद्राचं दुकान, त्याच्या भिंतीवर खतांच्या जाहिराती. पुंजाजी आला. हातात कणकेच्या खळीची वाटी, काखेत कागद. त्यानं जाहिरातींवरच, डोळ्याच्या उंचीला कागद चिकटवला, चारही कोपरे तळहातानं दाबले. तिच्याकडं बघितलं नाही. दोन-चार माणसं जमली. एकानं मोठ्यानं वाचलं: ‘‘...श्रीमती जनकाबाई इंद्रभान हिवराळे यांनी चाळण्या एकाच टबातील पाण्यात धुतल्यामुळे...’’ कुणीतरी म्हणालं, ‘‘म्हंजे पुंजाजीचं वावर बरोबर व्हतं ना बे! आन् त्या बाईनं पाहा कसा जीव घेतला मानसाचा.’’ पुंजाजी वाटी घेऊन निघून गेला.

बाजाराची पिशवी घेऊन एक म्हातारी जनकाबाईशेजारी टेकली. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकू सगळं आलं होतं. ‘‘काऊन व बाई,’’ तिनं भिंतीकडं हात करून विचारलं, ‘‘कोन हाये हे जनकाबाई?’’

गाडी वळणावर दिसली होती. जनकाबाई पदर सावरून उठली.

‘‘मीच,’’ ती म्हणाली.